८० मिमी फॅनचं फोमचं मिग-२१: किट कसं आहे, बांधताना काय बघायचं, उतरवताना काय चुकतं

रेडिओवर उडणारं मिग-२१ चं मॉडेल घ्यायला निघालेल्या माणसाला सगळ्यात आधी एक आकडा सांगायला हवा. खऱ्या मिगचा पंखविस्तार ७.१५ मीटर आणि पंखाचं क्षेत्रफळ २३ चौरस मीटर. १/९ मापात तो विस्तार जेमतेम ८० सेंटीमीटर होतो आणि क्षेत्रफळ २८ चौरस डेसिमीटर. एवढ्याशा पंखावर बॅटरीसकट पावणेतीन ते तीन किलो वजन उचलायचं असतं. म्हणजे दर चौरस डेसिमीटरला १०० ग्रॅम. शिकायच्या फोम विमानात हाच आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. ८० मिमी फॅनच्या (शेपटीकडच्या नळीत बसवलेला विजेचा पंखा) फोम मिगचे सगळे गुण आणि सगळी दुखणी या एका आकड्यातून निघतात.

घेण्यासारखं आहे का? हो, नक्की आहे. पण ज्याने आधी ६४ किंवा ७० मिमी फॅनचं एखादं जेट शंभरेक वेळा उडवून धड उतरवलं आहे, त्यानेच घ्यावं. पहिलं लष्करी जेट हवं असेल तर त्याच फॅनचं सेबर (अमेरिकन एफ-८६ जेट) घ्या. त्याचा पंख मागे वळलेला असला तरी लांब आहे, वेग कमी केला तरी ते तरंगत येतं आणि चूक पोटात घालतं. मिग चूक पोटात घालत नाही. पण नीट बांधलेलं, चंदेरी, नाक वर करून येणारं मिग-२१ धावपट्टीवर उतरताना बघणं हे सुख दुसऱ्या कुठल्या फोम जेटमध्ये मिळत नाही. ओझरला एचएएलच्या कारखान्यात ही विमानं तयार झाली आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये हवाई दलाने त्यांना शेवटचा निरोप दिला. त्यामुळे आपल्याकडे या मॉडेलची ओढ आहे ती काही फक्त छंदापुरती नाही.

खोक्यातून काय येतं ते आधी बघू. ईपीओ या चिवट फोमचं फ्यूजलाज (विमानाचं धड) दोन किंवा तीन तुकड्यांत, पंख, उभं शेपूट, आडव्या शेपटीची दोन पाती, बसवलेली मोटर आणि फॅन, स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्वो (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी), विजेवर चालणारे रिट्रॅक्ट (चाकं आत घेणारी यंत्रणा). ट्रान्समीटर, रिसीव्हर, बॅटरी आणि चार्जर आपला. जोडणी स्क्रूवर असते, गोंद थोडाच लागतो, म्हणून खोक्यावर ‘काही तासांत तयार’ असं लिहिलेलं असतं. चार-पाच तासांत विमान उभं राहतं हे खरंच आहे. मात्र ते उडण्याजोगं व्हायला आणखी दोन संध्याकाळी द्याव्या लागतात. त्या दोन संध्याकाळींत काय करायचं, ते पुढे सांगितलं आहे.

मिग-२१ ची मूळ घडणच ईडीएफला, म्हणजे नळीतल्या विजेच्या फॅनला, फार मानवते. विमान म्हणजे एक लांब नळी; पुढून हवा आत, मागून बाहेर. फॅनला सरळ रस्ता मिळतो. सेबरचंही नाक असंच उघडं आहे, पण हंटरसारख्या जुन्या ब्रिटिश जेटमध्ये हवा पंखाच्या मुळातून वळवून आणावी लागते आणि तिथे जोर वाया जातो. मिगची अडचण वेगळी आहे. नाकाच्या तोंडात मधोमध सुळका असतो, त्यामुळे हवेला उरते ती सुळक्याभोवतीची कडी. ८० मिमी फॅनच्या पात्यांनी झाडलेलं क्षेत्रफळ, मधला गड्डा वगळून, साधारण ४० चौरस सेंटीमीटर भरतं. नाकाच्या कडीतून तेवढी हवा मिळत नसेल तर पोटाखाली जादा छिद्रं दिलेली असतात. ही छिद्रं उघडी आहेत ना, हे आतून टॉर्च मारून बघा. बॅटरीची वायर, वेल्क्रोचा पट्टा किंवा रिसीव्हरची ॲन्टेना तिथे लोंबत असेल तर जोर कमी होतो आणि कारण सापडत नाही. मागच्या नळीचं तोंड फॅनच्या क्षेत्रफळाच्या ८५ ते ९० टक्के असेल तर हवेत वेग चांगला मिळतो; पूर्ण १०० टक्के ठेवलं तर जमिनीवरून निघताना जोर जास्त, वरचा वेग कमी. किटात आलेली नळी कापू नका. धावपट्टी आखूड असेल तरच या भानगडीत पडा.

फॅनवर हात फिरवून बघायची एक पद्धत आहे. बॅटरी काढलेली असताना रोटर, म्हणजे पात्यांचं चक्र, बोटाने हळू फिरवा. पातं नळीला कुठे घासतं का, मोटरच्या दांड्यावर रोटर डगमगतो का, रोटरच्या नाकाचा नट ढिला आहे का, हे बोटालाच कळतं. नट काढून निळं थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावून परत आवळा; मोटर धरणाऱ्या चार स्क्रूंनाही तेच. मग बॅटरी लावून, विमान बांधून, थोडा थ्रॉटल द्या. बारा पात्यांच्या फॅनचा आवाज सलग शिट्टीसारखा यायला हवा. गुरगुर ऐकू आली किंवा शेपटीच्या फोमला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर रोटर असंतुलित आहे. तसंच उडवलं की काही फ्लाइटमध्ये बेअरिंग जातं. चाचणी घेताना नाकासमोर कोणी उभं राहू नये आणि जमीन झाडलेली असावी. या नाकाचं तोंड जमिनीकडे वाकलेलं नसलं तरी खडा, गवताची काडी, सुतळीचा तुकडा ते ओढून घेतंच.

आता वीज. सहा सेलची ५००० एमएएच लिपो ही या विमानाची नेहमीची बॅटरी. पूर्ण थ्रॉटलला ९० ते १०० अँपिअर जातात, म्हणजे साधारण दोन किलोवॉट. बॅटरीवर २० सीचा, म्हणजे क्षमतेच्या वीसपट करंटचा, खरा भार पडतो, त्यामुळे लेबलवर किमान ४५ सी लिहिलेलं हवं. स्वस्त बॅटरीच्या लेबलवर ६० सी लिहिलेलं असलं तरी भार आल्यावर सेलचा व्होल्टेज ३.३ च्या खाली घसरत असेल, तर ती बॅटरी मिगला उपयोगाची नाही, दुसऱ्या हलक्या विमानाला वापरा. सरासरी ५५ अँपिअर धरले तर ४००० एमएएच संपायला सव्वाचार मिनिटं लागतात. टायमर साडेतीन मिनिटांवर लावा. उरलेला वेळ एकदा उतरता न आल्यास परत फेरी मारण्यासाठी आहे, आणि मिगमध्ये ही फेरी मारावी लागतेच.

लांब नळीमुळे एक चूक फार जण करतात. बॅटरी नाकाजवळ, फॅन मागे, त्यामुळे कुठली तरी वायर वाढवावी लागते. बॅटरी आणि स्पीड कंट्रोलर यांच्यातली वायर वाढवू नका. तिथली वायर लांब झाली की व्होल्टेजचे उसळे कंट्रोलरच्या कपॅसिटरवर आदळतात आणि तो तापून फुगतो. वाढवायचीच असेल तर कंट्रोलर ते मोटर अशा तीन वायरी वाढवा. कंट्रोलर हवेच्या वाटेत, उष्णता सोडणारी पट्टी नळीच्या आत डोकावेल असा बसवा. फोमच्या खोबणीत टेप लावून बंद केलेला कंट्रोलर मे महिन्यात दुसऱ्या फ्लाइटलाच हात भाजेल इतका तापतो.

रिसीव्हरला वीज कुठून द्यायची, हा प्रश्नही गंभीरपणे घ्यायला हवा. सहा-आठ सर्वो, तीन रिट्रॅक्ट, कप्प्यांची दारं, दिवे. एखादा रिट्रॅक्ट मधेच अडकला की तो मोठा करंट ओढत राहतो आणि व्होल्टेज पडून रिसीव्हर क्षणभर झोपतो. विमानाला तेवढा क्षण पुरतो. कंट्रोलरच्या आतल्या बीईसीवर (मोठ्या बॅटरीतून रिसीव्हरपुरता कमी व्होल्टेज देणारं सर्किट) सगळा भार टाकण्यापेक्षा वेगळा बीईसी लावा. वजन ४०-५० ग्रॅमने वाढतं, पण ते नाकाच्या बाजूला बसवलं की वाया जात नाही.

शेपूट हा या किटातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि किट बनवणारे नेमका इथेच हात आखडता घेतात. मिग-२१ ची आडवी पाती अख्खीच्या अख्खी फिरते, मागची कड वेगळी हलत नाही. त्यामुळे सर्वोच्या दातांत जरा जरी पोकळी असली तरी सबंध पातं हलतं. बघायची रीत अशी: रेडिओ चालू ठेवा, पात्याची मागची कड चिमटीत धरून हळूच वरखाली करा. अर्धा-पाऊण मिलिमीटर हललं तर ठीक. दीड-दोन मिलिमीटर हललं तर विमान सरळ उडताना नाक वरखाली डोलवत राहील आणि वेगात गेल्यावर पातं फडफडू लागेल. प्लास्टिकच्या दातांचा सर्वो आला असेल तर काढून धातूच्या दातांचा डिजिटल सर्वो बसवा आणि दांडीला बॉल लिंक (गोळीचा, पोकळी नसलेला सांधा) लावा. दोन्ही पाती एकाच रेषेत आहेत ना, हे शेपटीमागे चार पावलांवर बसून, डोळा पात्यांच्या उंचीला आणून बघा.

दिशा तपासताना गोंधळ होतो तो इथे. नेहमीच्या विमानात स्टिक मागे ओढली की मागची कड वर जाते, आपली नजर तिथेच असते. अख्ख्या फिरणाऱ्या पात्यात पुढची कड डोळ्यात भरते, आणि ती खाली जायला हवी. ‘वर ओढलं तर खाली का चाललंय’ असं वाटून कोणी सर्वो उलटा करून ठेवतं आणि विमान धावपट्टीच्या टोकाला नाकावर उभं राहतं. म्हणून स्टिकवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका: मागे ओढा, पुढची कड खाली. प्रत्येक फ्लाइटआधी हे तोंडाने म्हणून बघा.

सीजीबद्दल, म्हणजे विमान जिथे तोलून राहतं त्या बिंदूबद्दल, किटाच्या पुस्तकातला आकडा घ्या, पण स्वतः पडताळून बघा. त्रिकोणी पंखाचं गणित सोपं आहे. पंखाची पुढची कड फ्यूजलाजमधून आत वाढवून दोन्ही बाजू मध्यरेषेवर जिथे भेटतील तो बिंदू धरा. तिथून मागच्या कडेपर्यंतची लांबी १/९ मापात साधारण ६६ सेंटीमीटर येते. तिच्या बरोबर अर्ध्यावर, म्हणजे ३३ सेंटीमीटरवर, सरासरी जीवेचा (पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची सरासरी लांबी) २५ टक्क्यांचा बिंदू पडतो. फ्यूजलाजची जाडी धरून, डोळ्यांना दिसणाऱ्या मुळाच्या पुढच्या कडेपासून मोजलं तर तो साधारण २२ सेंटीमीटर मागे येतो. मागे आडवी शेपटी असल्यामुळे हा बिंदू सुरुवातीला सुरक्षित बाजूचा आहे. पुस्तकातला आकडा याच्या बराच मागे असेल तर पहिल्या फ्लाइटला पुढेच राहा, मग दर खेपेला दोन-तीन मिलिमीटर मागे न्या. सहा सेलची बॅटरी विमानाच्या वजनाच्या जवळपास पाव भाग असते, म्हणून ती एक सेंटीमीटर सरकवली की सीजी अडीच मिलिमीटर सरकतो. बॅटरीच्या पाटावर मार्करने रेघ ओढून ठेवा. वेगळ्या कंपनीची बॅटरी आणली की रेघ नव्याने.

चाकांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गवताच्या मैदानावर हे विमान चालत नाही. चाकं बारीक, पंख छोटा, निघायला वेग जास्त. नाकाचा पाय पुढच्या बाजूला वर जातो, म्हणजे चाक खड्ड्यात अडलं की सगळा झटका मागे ढकलत रिट्रॅक्टच्या पिनवर आणि ती धरणाऱ्या प्लायवुडच्या तुकड्यावर येतो. हा तुकडा कारखान्यात फोमवर गरम गोंदाने चिकटवलेला असेल तर पाचव्या-सहाव्या लँडिंगला उपटून निघतो. विमान उडायच्या आधीच तो सोडवा, जुना गोंद खरवडा, खाली दोन मिलिमीटरचा मोठा प्लाय घाला आणि सावकाश वाळणाऱ्या अराल्डाइटने बसवा. पाच मिनिटांचा इपॉक्सी इथे चालत नाही. तो ठिसूळ राहतो. ईपीओवर अराल्डाइट आणि मध्यम जाडीचा सुपरग्लू दोन्ही चालतात. डेप्रॉन या पातळ फोमच्या शीटमधून घरी बांधत असाल तर साधा सुपरग्लू फोम खातो, आधी टाकाऊ तुकड्यावर बघा.

डांबरी किंवा सिमेंटचा पट्टा किमान शंभर मीटर हवा. निघायला तीस-चाळीस मीटर पुरतात, उतरायला बाकीचे.

रंगाचं काम या किटात एकंदर सुबक असतं, पण चंदेरी फोमवर बोटांचे घामाचे डाग उठतात आणि मास्किंग टेप काढताना रंग पापुद्र्यासारखा निघतो. पाण्यातल्या पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात आधी मारून घ्या. खोक्यातले स्टिकर बहुतेक वेळा परदेशी हवाई दलांचे असतात. केशरी-पांढरी-हिरवी गोल चिन्हं आणि शेपटीवरची पट्टी कुठल्याही व्हिनाइल कापणाऱ्या दुकानात होते. फक्त एक लक्षात ठेवा: टाइप ७७ म्हणजे एफएल ही जुनी आवृत्ती, त्यावर उघडा धातू शोभतो; बायसन या नंतरच्या सुधारित आवृत्तीला निळसर करडा. एफएलच्या बारीक कण्यावर बायसनचा रंग दिला की जाणकाराला लगेच खटकतं. किट कुठल्या आवृत्तीचं आहे, ते पाठीच्या फुगवट्यावरून ओळखा आणि मगच रंग ठरवा. नाकावरची लांब दांडी चुंबकावर लावा. गाडीच्या डिकीत ती पहिल्याच दिवशी मोडते.

कायद्याचंही थोडं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५ किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात छंदासाठी उडवलेलं विमान ‘मॉडेल’ या व्याख्येत येतं. उडवायचं ते हिरव्या क्षेत्रात (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही), ४०० फुटांच्या आत. लोहगाव, ओझर यांसारख्या तळांच्या जवळपास विमान काढूही नका. आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आणि इथे जोडायला सुटा करून पाठवलेला अख्खा ड्रोन यांच्या आयातीवर बंदी आहे, एकेकट्या भागांवर नाही. म्हणून परदेशातून किट मागवून कस्टम्समध्ये अडकवण्यापेक्षा इथल्या दुकानातून बिलासह घेतलेलं बरं.

उडवताना पहिली गोष्ट हवेची. पुणे-नाशिक पट्टा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच आहे. तिथे ३५ अंश तापमानाला हवा पुस्तकी हवेपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ असते. फॅनचा जोर जवळपास तेवढाच कमी होतो आणि पंख तग धरायला लागणारा वेग सहा-सात टक्क्यांनी वाढतो. गोव्यात किनाऱ्यालगत सकाळी अलगद निघालेलं विमान नाशिकला दुपारी तीनला धावपट्टी खात सुटतं. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उडवून मोकळे व्हा.

शेपटीला तीस टक्के एक्स्पो (स्टिक मध्याजवळ असताना हालचाल मंद करणारी रेडिओतली सोय), एलेरॉनला (विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या पट्ट्या) पंचवीस. निघताना फॅनचा वारा शेपटीवर येत नाही, त्यामुळे वेग येईपर्यंत स्टिक ओढून उपयोग नाही. नाक उचलेना म्हणून पूर्ण ओढून धरली की विमान एकदम उसळतं आणि एका पंखावर कलतं. वेग घेऊ द्या, मग हळूच. वर गेल्यावर मिग रुळावरून चालल्यासारखं सरळ जातं, लोळवणं झकास, वाऱ्यात डगमगत नाही. मोठं वळण मात्र ताणू नका. त्रिकोणी पंख नाक वर केल्यावर एकदम पडत नाही, पण हवेची ओढ इतकी वाढते की वेग गळून जातो, आणि लांबून बघणाऱ्याला ते कळत नाही.

लँडिंग हीच या विमानाची परीक्षा. २.९ किलो वजनाला तग धरण्याचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणून साठच्या खाली येऊ देऊ नका. नाक दहा-बारा अंश वर, थ्रॉटल तिसऱ्या हिश्श्यावर, आणि चाकं टेकेपर्यंत तो तसाच. उतार थ्रॉटलने सांभाळायचा, वेग शेपटीने. खऱ्या मिगच्या नंतरच्या आवृत्त्यांत इंजिनातून काढलेली हवा फ्लॅपवर फुंकायची सोय होती; जोर काढला की ती हवा जायची आणि विमान खाली बसायचं. मॉडेलमध्ये कारण वेगळं आहे, परिणाम तोच: पट्टा आला म्हणून थ्रॉटल बंद केला की विमान दगडासारखं टेकतं. शिवाय फॅनला परत पूर्ण वेग घ्यायला सुमारे सेकंद लागतो, म्हणून मनात शंका आली त्याच क्षणी थ्रॉटल पुढे करा. नाक वर असताना पंख कलला तर एलेरॉनने ढकलू नका. खाली गेलेल्या एलेरॉनची ओढ त्याच पंखाला मागे खेचते. रडरने (उभ्या शेपटीची हलती कड) उचला. जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं यंत्र) लावलात तर त्याचा गेन, म्हणजे जोर, कमी ठेवा, शेपूट थरथरू लागली तर आणखी कमी.

उतरल्यावर दहा मिनिटं कप्पा उघडा ठेवा, मोटर हाताला सोसवते का बघा, फॅनच्या पात्यांच्या मुळाशी चीर आहे का ते उजेडात धरून तपासा. बॅटरी परत भरण्याआधी थंड होऊ द्या आणि घरी ठेवताना दर सेलला ३.८ व्होल्टवर आणा.

सुट्या भागांचा खर्च किटबरोबरच धरा, कारण मागाहून नेमका हवा तो भाग दुकानात नसतो. रोटरचा एक जादा संच, शेपटीचे दोन सर्वो, एक रिट्रॅक्ट, नाकाचा पाय पिनेसकट. पाय दोन घ्या.